दर वीस पावलांनी बसणारा सायेब

दादा, परवा रविवारी सायेबाची चाचणी झाली. निकाल मी शेवटी सांगणार आहे. माझं एकही बोलणं तू कधी पूर्ण ऐकून घेतलं नाहीस. मी दोन वाक्यं बोललो की तुझं सुरू, "फाटे नको फोडू सुध्या, झालं काय थे सांग." आता मात्र ऐकावं लागेल. मधूनच उठून पानठेल्यावर खर्रा आणायला जायची सोय तुला राहिलेली नाही.

तेरवीला तीन आठवडे झाले. पाहुणे गेले. आमच्या हिने, मंदाने, तुझी खाट भिंतीला उभी करून ठेवली आणि खाटेखालच्या फरशीचा जो चौकोन उघडा पडला, बरोबर त्यातच सायेब झोपतो. भेटायला आलेले लोक म्हणत होते, फार शांत माणूस, कधी कोणाला त्रास नाही. मी हात जोडून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, यांना काय माहीत? गेल्या तीन-चार महिन्यांत तू मला जेवढा वैताग दिलास तेवढा माझ्या ऑफिसने तीस वर्षांत दिला नाही. तो वैताग अजून उतरलेला नाही. खरं सांगतो, उतरू नये असंच वाटतं, कारण तो उतरला की त्याच्या खालचं पाहावं लागतं.

सुरुवात तुझीच. वहिनी गेल्यावर मी तुला हिंगणीहून वर्ध्याला घेऊन आलो, तेव्हा "काय काय सामान आहे?" असं मी विचारलं होतं. तू म्हणालास, "एक पेटी अन् एक पिशवी." पिशवी हलत होती. मंदा माझ्याकडे पाहत राहिली. दुसऱ्या माळ्यावरचा फ्लॅट, दोन खोल्या, लिफ्ट नाही, आणि त्यात गावातलं कुत्र्याचं तांबूस पिल्लू, एक कान उभा आणि एक पडलेला. नाव काय ठेवलं विचारलं तर म्हणे, सायेब.

"आतापर्यंत सायेब घंटी वाजवे अन् मी उभा राहो," तू म्हणालास. "आता मी म्हणतो अन् सायेब बसते. पेन्शनीत एवढी तरी मजा पाह्यजे."

मंदा हसली. मला हसू आलं नाही, कारण आमच्या फ्लॅट स्कीममध्ये चार लोक मलाही साहेब म्हणतात. तू गॅलरीतून ओरडायचास, "ए सायेब, वर ये बे, काऊन उकिरडा फुंकून राह्यला!" आणि खाली भाजीची पिशवी घेऊन मी उभा असायचो. शेजारच्या पोरी फिदीफिदी हसायच्या. मी तुला कितीदा सांगितलं, नाव बदल. तू म्हणालास, "तू बदल. थो आता ऐकते त्या नावानं."

तुझ्या चपराशीपणाच्या गोष्टी मला पाठ झाल्या होत्या. जेवताना तू त्या पुन्हा पुन्हा सांगायचास आणि मी ताटात पाहत हूं हूं करायचो. त्यातली एक फायलींच्या नाडीची. फायलींचा गठ्ठा घेऊन दुसऱ्या माळ्यावर जायचं, मधे दम लागायचा. जिन्यात नुसतं टेकलेलं कोणी पाहिलं तर चपराशी आळशी ठरायचा. म्हणून तू वळणावर गुपचूप एका फाइलीची नाडी स्वतःच ओढून सोडायचास आणि मग खाली बसून निवांत बांधायचास. "साधा बसला त कामचोर. नाडी सुटली म्हून बसला त कामाचा माणूस. साहेब सोता म्हणे, राहू द्या, बांधा सावकाश." हे सांगून तू स्वतःच इतका हसायचास की ठसका लागायचा. मी मनात म्हणायचो, झाली याची नाडीची गोष्ट सुरू.

ती गोष्ट मी नीट ऐकायला हवी होती.

दिवाळीच्या आधी सायेबाने शेजारच्या घोडमारे काकूंवर उडी मारली. प्रेमानेच मारली हे मी मान्य करतो, पण काकू दुधाच्या पातेल्यासकट जिन्यात पडल्या आणि त्यांचं मनगट दुखावलं. रविवारी स्कीमची मीटिंग बसली. सचिव ढोले म्हणाले, कुत्रा गावी पाठवा. तू साहेबाच्या केबिनमध्ये उभं राहावं तसा हात मागे बांधून भिंतीशी उभा राहिलास. खुर्ची रिकामी होती तरी. मला ते पाहवलं नाही आणि मी उठून बोलून गेलो, "आपल्या वर्ध्यात आता कुत्र्यांचे क्लास निघाले आहेत. शेवटी चाचणी असते. होळीच्या आत पास झाल्याचं प्रमाणपत्र आणून देतो. नाही आणलं तर मी स्वतः त्याला हिंगणीला सोडून येतो."

हा शब्द मी दिला होता, तू नाही. हिंगणीला सोडायचं म्हणजे कुणाकडे? घराला कुलूप आणि बोरच्या जंगलातून बिबट्या गावाच्या कडेपर्यंत येतो. हे आपल्या दोघांनाही माहीत होतं.

मग ते रविवार सुरू झाले. सकाळी सात वाजता स्कूटर, पुढे मी, मागे तू आणि मधे तुझ्या खांद्यावरच्या सुती दुपट्ट्यात गुंडाळलेला सायेब, नाक माझ्या मानेला लावून. कॉलेजमागच्या मैदानावर पल्लवी मॅडमचा क्लास. मॅडम जनावरांच्या डॉक्टर, वयाने आपल्या पोरीएवढ्या, आवाज मात्र हवालदाराचा. सहा कुत्रे होते. दोन लॅब्रॅडॉर, एक जर्मन शेफर्ड, एक पांढरं झिपरं, एक डॉबरमन जो सगळ्यांना घाबरायचा, आणि आपला सायेब.

पहिल्याच दिवशी तू वाद घातलास. मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांनी 'सिट' म्हणायचं." तू म्हणालास, "सायेब हाय म्हून इंग्रजीत बोलू काय त्याच्याशी? घरी मराठीच बोलते थो." सगळं मैदान हसलं. मी घरी जाऊन तुला समजावलं की चाचणी घ्यायला बाहेरचा माणूस येणार, एकच शब्द ठेवलेला बरा. तू ऐकलं नाहीस. हा वाद आपला अर्धवटच राहिला. तुझ्या माहितीसाठी सांगतो, सायेब दोन्हींवर बसतो.

बसणं, थांबणं, बोलावल्यावर येणं, महिन्याभरात तो सगळं शिकला. शेफर्डला जे जमलं नाही ते यानं केलं. अडलं फक्त चालण्यावर. मालकाच्या डाव्या पायाला पाय लावून चाळीस पावलं चालायचं, वळायचं, परत यायचं, मधे थांबायचं नाही. चाचणीत यालाच सगळ्यात जास्त गुण. आणि हा पठ्ठ्या वीस पावलं चालला की मधेच बसायचा. सरळ पाठ, नजर समोर, चेहऱ्यावर ती मिजास. तू त्याच्या शेजारी उभा राहून दुपट्ट्याने तोंड पुसत म्हणायचास, "घ्या. बसले सायेब. आता मर्जी होईन तवा उठतीन."

मॅडमनी फुटाणे देऊन पाहिले, उकडलेलं अंडं देऊन पाहिलं, पट्टा बदलला, जागा बदलली. शेवटी म्हणाल्या, "काका, तुम्ही कुत्र्याले नाई, कुत्रा तुम्हाले फिरवून राह्यला."

"जलमभर दुसरं काय केलं, मॅडम," तू म्हणालास.

लोकांना तुझी गंमत वाटायची. मला वाटत नव्हती. शब्द मी दिला होता. मी मोबाइलवर माहिती वाचायचो, वहीत लिहून काढायचो, भिंतीवर तक्ता लावला होता. "दादा, पट्टा मला दे, मी चालवून पाहतो," असं कितीदा म्हणालो. तू मॅडमचाच नियम माझ्या तोंडावर फेकायचास, "एक कुत्रा, एक माणूस. हात बदलला त बिघडते." घरी जिन्यातही तेच. प्रत्येक वळणावर सायेब बसायचा, तू त्याच्याजवळ उभा राहून त्याला सावकाश शिव्या घालायचास आणि मी वरच्या पायरीवर पिशव्या धरून ताटकळायचो.

जानेवारीत एकदा मी जेवणाच्या ताटावरच बोललो. शब्द जसेच्या तसे लिहितो, कारण ते कुणाला तरी सांगायलाच हवेत. "हे बघ दादा, तुले झेपत नसन त आत्ताच सांग. चाचणीची वाट कायले पाह्यची? उद्याच हिंगणीले नेऊन सोडतो त्याले, डोक्याचा ताप तरी जाईन."

तू भाकरीचा तुकडा मोडत होतास. म्हणालास, "मले काय झालं झेपाले? थोच बसते. त्याले सांग." आणि तुकडा खाली वाकून सायेबाला दिलास. मंदा मला डोळ्यांनी गप्प राहा म्हणत होती. मी जेवत राहिलो. ते शब्द मागे घेतले नाहीत.

तुझ्या शेवटच्या क्लासला तर कहर झाला. तू सायेबाला घेऊन निघालास आणि तो वीसवर सुद्धा गेला नाही. दहा पावलांवर बसला. पुन्हा दहावर. बाकीचे पाच कुत्रे फेरी पूर्ण करून उभे आणि तुम्ही दोघे मैदानाच्या मध्यात. डॉबरमनचा मालक फोन काढून चित्रण करू लागला. माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे. मी मैदानात गेलो आणि तुझ्यावर ओरडलो. साठी उलटलेल्या भावावर, सगळ्यांसमोर.

"पाय उचल ना दादा! त्याले ओढ जरा! लोक पाहून राह्यले!"

तू माझ्याकडे पाहिलंस. मग तू मैदानाच्या कडेला सिमेंटची पायरी आहे तिथवर गेलास, बसलास, सायेब तुझ्या पायाशी बसला. तू म्हणालास, "सायेबाले इचार." मी रागारागाने स्कूटर सुरू करून उभा राहिलो. तुला यायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ मी हॉर्न वाजवत होतो.

नऊ दिवसांनी सकाळी गॅलरीत सायेबाला पट्टा बांधता बांधता तू खुर्चीतच कलंडलास.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदय बऱ्याच महिन्यांपासून थकलेलं असणार. त्यांनी विचारलं, "चालताना दम लागायचा का? मधे मधे थांबत होते का?"

मी अगदी प्रामाणिकपणे उत्तर दिलं. "नाही डॉक्टर. कुत्रा थांबायचा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर पुढचं लिहायला घेतलं. मला तेव्हा काही कळलं नाही. एवढा मी हुशार.

तेरवीनंतर मॅडमचा फोन आला. "सर, काकांच्या कुत्र्याचं नाव काढून टाकू काय?" मी नको म्हणालो. होळी जवळ आली होती आणि ढोले जिन्यात भेटले की आधी सांत्वन करायचे आणि मग सायेबाकडे पाहायचे. रविवारी मी त्याला एकटाच घेऊन गेलो. ऊन कडक झालं होतं म्हणून मंदाने धुऊन ठेवलेला तुझा दुपट्टा गळ्यात टाकला होता. पट्टा हातात घेतला, तू चालवताना म्हणायचास तसं "सोबत" म्हणालो आणि मोजत निघालो. वीस. हा चालतोच आहे. तीस. चाळीस. वळलो, परत आलो, पूर्ण मैदानाला फेरी मारली. सायेब माझ्या डाव्या पायाला असा चिकटून चालला की मॅडम शिट्टी वाजवायची विसरल्या.

"सर, हा त पास आहे!" त्या ओरडल्या.

मला काय वाटलं असेल? आनंद? मला तुझा भयंकर राग आला, दादा. म्हणजे तुझ्या लाडानेच हा बिघडला होता. तीन महिने मैदानावर आपलं हसं झालं, मी तुला नको ते बोललो, आणि इलाज एवढाच होता की पट्टा माझ्या हातात द्यायचा. रागाने घाम फुटला. मी चालता चालता उजव्या हाताने दुपट्टा ओढला आणि तोंड पुसलं.

सायेब बसला.

सरळ पाठ, नजर समोर, तीच मिजास. मला वाटलं, झालं सुरू. "चल" म्हणालो, चालला. थोड्या वेळाने पुन्हा तोंड पुसलं. बसला. तिसऱ्यांदा घाम नव्हता. मी नुसता खांद्यावरच्या दुपट्ट्याला हात लावला.

बसला.

मॅडम जवळ आल्या. त्यांनी मला आणखी एकदा तसं करायला लावलं आणि मग त्यांचा हवालदारी आवाज कुठल्या कुठे गेला. "सर, असं आपोआप होत नसते. हे शिकवलेलं आहे, रोज, कितीतरी दिवस. काकांनी घरी शिकवलं. शब्द नाई, खाऊ नाई, नुसता हात. मलेही असं शिकवता आलं नसतं."

कुत्रा एकदाही चुकला नव्हता, दादा. त्या मैदानावरचा सगळ्यात आज्ञाधारक कुत्रा तोच होता. नाडी तूच सोडत होतास.

मी तिथेच उभा राहून तुला मनातल्या मनात जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. अरे, सांगायचं होतंस! "सुध्या, दम लागून राह्यला," एवढं म्हणायला काय झालं होतं? मी तुला तासाभरात मोठ्या दवाखान्यात नेलं असतं. गोळ्या असतात, इलाज असतात, लोक जगतात. वहिनीच्या वेळी दवाखान्याच्या फेऱ्या पाहून तू धसका घेतला होतास हे मला माहीत आहे, पण म्हणून कुत्र्याला पुढे करायचं? ज्याला आपल्याजवळ ठेवायचं म्हणून एवढा खटाटोप, त्यालाच सगळ्यांसमोर अडेल ठरवायचं? हे कुठलं डोकं?

आणि मग ते जेवणाचं ताट आठवलं. झेपत नसेल तर आत्ताच सांग, उद्याच हिंगणीला सोडतो. मी असं म्हटल्यावर तू सांगणार कसा होतास? तू बसलेला दिसला असतास तर सायेब गेला असता. म्हणून तू सायेबाला बसवलंस. सख्ख्या भावाच्या घरात तुला जिन्यातल्या वळणावरची युक्ती करावी लागली. साहेब मी होतो, दादा.

मॅडम म्हणाल्या, चाचणीच्या दिवशी चुकून हात वर गेला तर गुण जातील. दोन आठवड्यांत ही सवय मोडता येईल. मी म्हणालो, मोडायची नाही. मी दुपट्टा आणणार नाही.

आता चाचणी. परीक्षक नागपूरहून आले होते, टोपी घातलेले, हसायचं नाही असं ठरवून आलेले. आपला नंबर पाचवा. ऊन वर आलं होतं. मंदाने पिशवीतून तुझा दुपट्टा काढला, "अहो, डोक्यावर तरी घ्या." मी तो परत पिशवीत ठेवला. बसणं झालं. थांबणं झालं. अनोळखी माणसाने पाठीवर हात फिरवणं झालं, त्यात तर त्याने परीक्षकांचा हात चाटून टोपीवाल्यालाही हसवलं. मग चालणं.

वीस पावलांवर सायेब हळू झाला. त्याने मान वर करून माझ्या उघड्या खांद्याकडे पाहिलं. बसला नाही. फक्त विचारलं. थांबायचं का?

तुला सांगतो, त्या वेळी मला दोन्ही डोळे पुसायचे होते. हात वर जायला आला होता. परीक्षक बघत होते, मंदा बघत होती, आणि हिंगणीच्या घराचं कुलूप मला दिसत होतं. मी हात खालीच ठेवला. "सोबत," म्हणालो, आणि पुढे पाऊल टाकलं. तो आला. चाळीसही झाली, वळणही झालं. याच मैदानात मी तुला एकदा थांबू दिलं नव्हतं. परवा दुसऱ्यांदा दिलं नाही. या वेळी त्याच्यासाठी, असं स्वतःला सांगतो आहे. तुला पटतं का ते कळायला मार्ग नाही.

तर शेवटी झालं काय, ते घे. पास झाला. सहा कुत्र्यांत दुसरा. शेफर्ड पहिला आला, पण त्याचं नाव काही सायेब नाही. अर्ज तू गेलास त्याच्या आधी भरलेला, म्हणून प्रमाणपत्रावर मालकाच्या जागी तुझंच नाव आहे. मॅडम दुरुस्त करून देते म्हणाल्या, मी नको म्हटलं. ढोलेंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "ठीक आहे, राहू द्या." घोडमारे काकूंनी सायेबाला पोळी दिली, जरा लांबूनच.

मैदानावरून निघताना मी मंदाकडून दुपट्टा मागून घेतला आणि खांद्यावर टाकला. सगळे निघायच्या घाईत होते, गाड्या सुरू होत होत्या. फाटकापर्यंत साठ-सत्तर पावलं असतील. वीस झाली आणि मी दुपट्ट्याला हात लावला. सायेब बसला. मी दमलो नव्हतो, तरी उभा राहिलो, तुझा दम खाली बसायला लागला असता तेवढा वेळ. पुन्हा वीस, पुन्हा हात. मग सिमेंटची ती पायरी आली. मी बसलो, तो पायाशी बसला. मंदा स्कूटरजवळ थांबली होती, तिने हॉर्न वाजवला नाही.

डॉबरमनचा मालक मागून ओरडला, "काय सर, पास होऊनही तुमचं कुत्रं तसंच काय?"

लोक पाहून राह्यले होते, दादा. मी पाहू दिलं.